वैनगंगेच्या हिशोबानं समुद्र

पाण्याबद्दल मले कोणी शिकवू नये. आरमोरीचा मानूस आहो मी. पूर धानाच्या बांधीत शिरला कवा अन् ओसरला कवा, हे पाहता पाहता केस पिकले. पाणी एकदा उतरलं का उतरलं, मंग धानाचं काय वाचलं ते पाहा, इतकं साधं.

तं अलिबागले समुद्रात किल्ला आहे अन् पाणी उतरलं का तिथी पायी जाता येते, असं उर्वशी म्हणाली. माही पोरगी तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. मी तिले न्यायलेच आलो होतो. भद्रावतीच्या पाव्हण्यायनं तिले पसंत केलं होतं, परवा साक्षगंध. दुपारच्या गाडीनं निघायचं होतं. म्हटलं चाल, तवरिक किल्ला पाहून घेऊ.

पाणी घोट्याएवढंच होतं. आत तोफा, देऊळ अन् एक हीर. हिरीचं पाणी चाखलं तं गोड! चारी बाजूनं खारट अन् मधात गोड, म्हणजे काय? नारळवाल्या बाईले इचारलं. "सगळेच विचारतात," म्हणून ती हासली. माह्या डोक्स्यात काई शिरलं नाई.

उर्वशीचं मधामधात सुरूच, "बाबा, थोडं बोलायचं होतं." मी म्हटलं, "गाडीत बोल, माय."

मंग बुरुजावर चढलो अन् पाहतो तं वाट गायब! जिथून चालत आलो तिथी लाटा.

"हे पाणी कुठून आलं? आभाळ तं कोरडं ठणठणीत! कोन्त्या धरणाचे दरवाजे उघडले?"

"धरण नाई, बाबा. भरती आहे. रोज येते. संध्याकाळी उतरते."

"रोज? सकाळी उतरते अन् दुपारी चढते? येडं आहे का हे पाणी? अन् आपली गाडी?"

"गेली समजा. होडी बी बंद आहे आज."

"तुले इथी दोन वर्सं झाले. तुले मालूम नोयतं?"

"मालूम होतं."

मी तिच्या तोंडाकडे पाहतच राह्यलो. घाबरली नोयती पोरगी.

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं तं तुमी उठून चालले असते. घरी बोलायले गेलं का तुमी वावरात जाता. फोनवर बोललं का आईले फोन देता. इथून तुमाले जाता येत नाई, म्हणून आणलं. मले हे लग्न नाई करायचं, बाबा. ते नोकरी सोड म्हणतात. मी नाई सोडत."

मस्तकात अशी तिडीक गेली! तरातरा पायऱ्या उतरून दरवाजापर्यंत गेलो. म्हटलं, पोहत जातो. एक लाट आली अन् धोतर कमरेलोक भिजवून गेली. गुमान परत आलो. पोरगी दगडावर बसून रडून राह्यली होती, लहानपणी रडे तशी, आवाज न करता. राग कोणाचा करावा, तिचा का समुद्राचा, काई समजेना.

तेवढ्यात भद्रावतीहून फोन. "निंघाले का, रामाजीभाऊ?"

उर्वशीनं डोळे पुसले अन् माह्याकडे पाह्यलं.

"नाई निंघालो," मी म्हटलं. "पोरगी बोलून राह्यली, भाऊ. अगोदर तिचं आयकून घेतो."

अन् फोन ठेवून तिच्याजवळ बसलो.