ये बा रे काका, आता नाय

कडूबा मास्तरांच्या कीर्तनाला माणसं येत ती शेवटासाठी. पूर्वरंगात डुलक्या घेणारे आणि आख्यानात शेंगा फोडणारे सगळे शेवटच्या पाच मिनिटांत ताठ बसत. कारण तेव्हा मास्तर चिपळ्या खाली ठेवत, दोन्ही हात वर करत, डोळे मिटत आणि खड्या आवाजात इब्री, म्हणजे हिब्रू भाषेतला, आशीर्वाद म्हणत:

ये बा रे काका, आता नाय, येशीन बा रे काका ।
या रे, आता नाय, पानी आलं का? ईहीर खन का? ।
ईसा, आता नाय, पानी आलं का? ये समद्या लेका, सलाम ॥

मग मृदंगावर थाप पडे, झांजांचा कल्लोळ होई आणि 'आमेन' असा उठे की जळगाव जामोदच्या बाजारातून परतणारे बैल रस्त्यात बिचकत.

गावात ख्रिस्ती घरं अकरा. बाकी गाव माळ्यांचं आणि कुणब्यांचं. पण कीर्तनाला सगळेच. कीर्तन ते कीर्तन. त्यात देव कुणाचा हे विचारणारा माणूस चालीला मुकतो, एवढी अक्कल सातपुड्याच्या पायथ्याला पहिल्यापासून आहे.

हा आशीर्वाद मास्तरांना त्यांचे गुरू नारायणबुवा यांनी दिला होता. बुवा तेव्हा ऐंशीचे होते आणि त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता. ते म्हणाले होते, "कडूबा, हा करार हाये. देवानं अब्राहामाले शब्द देल्ला, तो अहरोन पुजाऱ्याच्या तोंडून लेकरायवर ठेवला. इब्री भाषा हाये बाप्पा, एक अक्षर हालवजो नोको." मास्तरांनी तीस वर्षांत एक अक्षर हलवलं नाही. उलट त्यावरून एक शोधही लावला. इब्री आणि वऱ्हाडी या सख्ख्या बहिणी! "नाही तं सांगा," ते कीर्तनात विचारत, "देवाच्या आशीर्वादात वऱ्हाडीसारखं पानी अन् ईहीर कुठून आली? अन् ईसाचं, मंजे आपल्या येशूचं, नावबी हाये पाहा, तो जलमाले याच्या हजार वर्सं आधी! आपल्या विश्वासाचं मूळ इब्री, अन् इब्रीचं मूळ कुठं, हे मी आपल्या तोंडानं कसं सांगू?" यावर मंडळी मिशीतल्या मिशीत खूश होत.

महाराष्ट्र होऊन तिसरं वर्ष लागलं आणि नाल्यावरच्या फरशी पुलासाठी बांधकाम खात्याचे एक ओव्हरसियर गावाबाहेरच्या बंगलीत येऊन राहिले. हनोख पोयनाडकर, मूळ कोकणातले. शनिवारी काम बंद ठेवत. मारुतीचे कडक भक्त असतील, असं गावानं ठरवून टाकलं. पुंजाजी माळी तर त्यांना एका शनिवारी शेंदूर-तेल नेऊन देऊन आला. तेव्हा साहेब हसून म्हणाले, "मी बेने इस्राएल, म्हणजे यहुदी आहे हो, मारुतीचा नाही. अब्राहामाच्या वंशातला."

ही बातमी मास्तरांना कळली तेव्हा ते जेवत होते. हातातला घास त्यांनी तसाच ताटात ठेवला.

"अब्राहामाच्या? खुद्द?"

"आधी जेवून घ्या," त्यांची बायको अन्नपूर्णाबाई म्हणाली. "अब्राहाम चार हजार वर्सं थांबला, भाजीपुरता थांबन."

मास्तर थांबले नाहीत. शुक्रवारची दुपार होती. काळा कोट घालून, उपरणं टाकून ते बंगलीवर गेले. साहेब मोठे प्रेमळ निघाले. त्यांनी चहा दिला. आमच्याकडंही कीर्तनं होतात, म्हणाले. माझे आजोबा अब्राहामाचं आख्यान लावायचे, मी लहानपणी मागं झांजा धरायचो. मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी रविवारच्या कापणीच्या सणाच्या कीर्तनाचं आवतण दिलं आणि निघता निघता, आता गप्प बसवेना म्हणून, सहज बोलल्यासारखं म्हणाले, "साहेब, तुमची भाषा आमाले थोडीशी येते बरं."

आणि हात वर करून त्यांनी सगळा आशीर्वाद म्हटला.

साहेबांचा कप बशीवर वाजला. पहिल्या ओळीला त्यांचं तोंड उघडलं, दुसऱ्या ओळीला त्यांनी रुमाल काढला. 'ये समद्या लेका, सलाम'ला ते खुर्चीतून उठून खिडकीशी गेले आणि त्यांची पाठ बराच वेळ हलत राहिली.

"साहेब, रडून राह्यले का?"

"नाही बुवा," साहेब डोळे पुसत वळले. "मूळ असं आहे." आणि मान किंचित वाकवून, हळू आवाजात त्यांनी म्हटलं:

"येवारेखेखा अदोनाय वेयिश्मेरेखा. याएर अदोनाय पानाव एलेखा वीखुनेक्का. यिस्सा अदोनाय पानाव एलेखा, वेयासेम लेखा शालोम."

मास्तर ऐकत होते. विहीर गेली, पाणी गेलं, ईसा गेला, काका तर पहिल्याच शब्दात गेला. पण त्यांना खटकलं ते दुसरंच.

"साहेब, 'आता नाय' कुठं गेलं?"

"तिथंच आहे. अदोनाय. म्हणजे प्रभू. देवाचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, म्हणून त्या जागी आम्ही हे म्हणतो. प्रभू तुला आशीर्वाद देवो, तुला राखो, तुला शांती देवो, असा सगळ्याचा अर्थ."

साहेबांनी सगळं मराठी अक्षरांत कागदावर लिहून दिलं. तो कागद घेऊन मास्तर कसे घरी आले ते त्यांना कळलं नाही. ओट्यावर बसून राहिले. तीस वर्षं. नवरानवरी गुडघे टेकून समोर, आणि वरून काय? आता नाय. लेकराचा बाप्तिस्मा झाला, पाणी टिपलं, आईनं पदर पसरला: आता नाय. मरणाऱ्याच्या कपाळावर हात ठेवून, ज्या जागी देव ठेवायचा त्या जागी, आता नाय!

"अवं," ते अन्नपूर्णाबाईला म्हणाले, "मी चोर निंगालो. लोकायले देवाचं नाव देतो मनून हात वर केले, अन् रिकामे हात ठेवले त्यायच्या डोक्यावर. तो सगळा आशीर्वाद वाया गेला असन का वं?"

"आपल्या लग्नात कोन मनलं होतं?"

"नारायणबुवा."

अन्नपूर्णाबाईनं जरा विचार केला. "मंग वायाच गेला असन," ती म्हणाली आणि चूल फुंकायला आत गेली.

शनिवारी मास्तर दुरुस्तीला निघाले. गावभर फिरून ज्याला त्याला खरा आशीर्वाद द्यायचा, असं ठरवून. पहिला भेटला पुंजाजी, आपल्या वांग्याच्या वाफ्यात.

"तुह्या ईहिरीवर म्या जो आशीर्वाद मनला होता, तो चुकला होता, पुंजाजी. पुन्हा मनाले आलो."

पुंजाजीनं खुरपं टाकलं आणि दोन्ही हात पसरून विहिरीच्या आडवा उभा राहिला. "काही नोको! तुमी 'पानी आलं का' मनले अन् अठ्ठावीस हातावर आलं. तुमी आता भलतंच काही मनान, अन् ते उठून चाललं जाईन. जा घरी!"

पुढं वच्छलाबाई भेटली. तिला कळलं तशी ती कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"तरीच! तरीच मनलं! माह्या लग्नात तुमी 'आता नाय' मनले, अन् बावीस वर्सं झाले, माहा मालक दुसरं काही मनतच नाही. कौलं शाकारा. आता नाय. गहू दळून आना. आता नाय. तुमचंच देनं हाये हे, मास्तर! दुरुस्त करून द्या!"

तिचा मालक बाजेवर पडल्या पडल्या म्हणाला, "आता नाय."

एकाचं बिघडेल म्हणून भीती, एकीचं आधीच बिघडलेलं. मास्तरांना रात्रभर समजेना की चुकीचा आशीर्वाद लागला की नाही लागला. लागला असेल तर तो काढायचा कसा? आणि लागला नसेल तर उद्या लोकांपुढं कोणत्या तोंडानं उभं राहायचं?

रविवारी चार वाजता ख्रिस्ती देवळाच्या अंगणात, लिंबाच्या सावलीत, कीर्तन उभं राहिलं. चौकटीला ज्वारीची ताटं आणि कणसं बांधलेली. पुढं खुर्चीवर पोयनाडकर साहेब, डोक्यावर टोपी. त्यांच्या पायाशी सोजराबाई, गावातली सगळ्यांत म्हातारी, ख्रिस्ती घरांची आजी.

मास्तरांनी अब्राहामाचं आख्यान लावलं आणि काय लावलं! माणूस आतून फाटला की त्याच्या गळ्याला वेगळीच धार येते. देव म्हाताऱ्या अब्राहामाला तंबूबाहेर नेतो, चांदण्या मोज म्हणतो. अब्राहाम मोजतो, चुकतो, पुन्हा मोजतो. "मोजता येते का? नाही येत? मंग तुही पोरंबी नाही मोजता येनार!" घरात तर पाळणा रिकामा, आणि त्याची बायको सारा पडद्याआड फिदीफिदी हसते. साहेबांनी न राहवून मृदंगवाल्याजवळच्या झांजा उचलल्या. शेंगा फोडणाऱ्यांनी शेंगा खिशात टाकल्या.

मग शेवट आला. मंडळी ताठ बसली. मास्तरांनी चिपळ्या खाली ठेवल्या, पण हात वर केले नाहीत. जोडले.

"मायबापहो," ते म्हणाले, "म्या तीस वर्सं तुमाले चुकीचं देल्लं." आणि त्यांनी सगळं सांगितलं. "आता खरं मनतो. सांभाळून घ्या."

त्यांनी दम घेतला. "ये... वा... रे... खे... ख्खे... ख्खा..."

"पानी आना रे कोनी!" मागून ओरडा झाला. "मास्तरच्या घशात काही अटकलं!"

"अटकलं नाही, इब्री हाये!"

"इब्री अशी राहते का? आपली इब्री चांगली नरम होती!"

मास्तरांनी पुन्हा सुरुवात केली. पहिल्या रांगेतलं एक तान्हं त्या खकाराला भिऊन रडायला लागलं. तेवढ्यात सोजराबाई उठली. तिला उठायला वेळ लागतो, त्यामुळं सगळे गप्प झाले.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमी इतके वर्सं जो अर्थ सांगतला, तो म्या कधी आयकलाच नाही. अर्थ सरळ हाये. देवानं अब्राहामाले शब्द देल्ला. पोट्टं लगीच झालं का? नाही झालं. बुढा शंभर वर्साचा होयेपर्यंत काय? आता नाय. मनून आपन मनतो, ये बा रे काका. तो मनते, आता नाय. तरी आपन मनतो, येशीन बा रे काका, येशीन. काका मंजे मसीहा. इतकं साधं हाये. याच्यात चुकलं काय?"

साहेबांनी झांजा मांडीवर ठेवल्या.

"आजी," ते सावकाश म्हणाले, "माझ्या आजोबांनी जन्मभर हेच केलं. ये म्हणायचं, आता नाही ऐकून घ्यायचं, आणि येणारच म्हणत घरी यायचं."

"पन साहेब, आमचा तं आला, येशू," मास्तर न राहवून म्हणाले.

"असेल बुवा. त्यावर आपण उद्या भांडू."

"मंग माह्या गोष्टीचं काय? वाया गेलं का नाही, ते सांगा."

"वाया कसं जाईल? त्या आशीर्वादाच्या खाली अजून एक ओळ आहे. देव म्हणतो, माझं नाव लेकरांवर ठेवा, आशीर्वाद मी देईन. देणारा तो. पोस्टमननं नाव वाचताना चूक केली म्हणून आतली चिठ्ठी बदलते का?"

मंडळींनी माना डोलावल्या. पुंजाजीनं तर 'वा!' म्हटलं. पण मास्तरांचा चेहरा आणखी पडला.

"पन साहेब, नावच ठेवाचं होतं! अन् नेमकं नावच तं म्या ठेवलं नाही!"

हे साहेबांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मंग दुरुस्त करा मनून सांगून राह्यली नं मी कालपासून!" वच्छलाबाई कडाडली.

"तुमी मना, साहेब," मास्तर काकुळतीला आले. "तुमचं तोंड खरं हाये. मना आमच्यावर."

"मला तो हक्क नाही हो. तो अहरोनाच्या कुळाचा, आणि आमच्या बेने इस्राएलांत त्या कुळाचं कुणी नाहीच. घरात तेवढं बाप लेकराला म्हणतो. मला आजोबा म्हणायचे. ते गेले त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या डोक्यावर कुणी हात ठेवला नाही."

असं म्हणून ते खुर्चीतून उठले, मास्तरांच्या पुढं आले आणि टोपीसकट मान वाकवून उभे राहिले.

"म्हणा, बुवा."

"मी? तुमच्यावर? मले येत नाही, साहेब!"

"येतं तेवढं म्हणा."

मास्तरांनी हात त्या टोपीवर ठेवला. दोन दिवस घोकलेलं सगळं इब्री कुठल्या कुठे पळालं. डोळे मिटले तर नारायणबुवांचं बोळकं तोंड दिसलं. आणि जिभेवर जे तीस वर्षं राहिलं होतं तेच आलं.

"ये बा रे काका..."

इथं मास्तर थांबले. मागची शंभर माणसं पुढचे दोन शब्द म्हणायला ओठ उघडून तयार. मास्तरांनी पायाखालची वीट चाचपत पाय टाकावा तसं एकेक अक्षर ठेवलं.

"अ... दो... नाय."

"चुकलं!" सोजराबाई ओरडली.

"चुकलं, मास्तर!" सगळं अंगण ओरडलं. "आता नाय! आता नाय मना!"

त्या गलक्यात साहेब काहीतरी म्हणाले ते फक्त मास्तरांना ऐकू आलं. ते 'आमेन' होतं. मास्तरांच्या गालावरून पाणी खाली येऊन साहेबांच्या टोपीवर पडायला लागलं, आणि बाजेवरून उठवून बळंच आणलेला वच्छलाबाईचा मालक बायकोला विचारू लागला की झालं का आता, जायचं का घरी.

साहेब मात्र वाकलेलेच होते. अजून दोन ओळी बाकी होत्या.