ऐकणारी मान

गोमती नगरच्या बागेत संगीतकार ईश्वर मेढेकरांचा पुतळा उभा राहणार होता. त्याचा प्लास्टरचा नमुना शिल्पकार सुभद्रा रामटेकेने आलमबागच्या स्टुडिओत तयार केला होता. मेढेकरांची मुलगी अबोली तो पाहायला आली आणि बराच वेळ त्याच्याभोवती फिरत राहिली.

“चेहरा बाबांचाच आहे, ताई. पण हे ऐकत नाहीयेत.”

“म्हणजे?”

“चाल सुचली की बाबा बोलता बोलता थांबायचे. शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारावी, तशी मान वळवायचे.”

“अच्छा! कुठल्या बाजूला?”

अबोलीने डावीकडे मान वळवून दाखवली. सुभद्राने करवतीने प्लास्टरची मान कापली आणि डोकं दोन्ही हातांनी तसंच वळवून धरलं.

“आता?”

बाबांना चाल सुचताना घरातले सगळे गप्प होत, तशी अबोली गप्प उभी राहिली.