क्लेटनच्या मांडीतली गोळी

माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या मांडीत जी गोळी गेली ती माझ्या रायफलीतली होती. हे आज गावात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या नोव्हेंबरात चार दिवस ते फक्त मला आणि माझ्या वडिलांना माहीत होतं.

पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेच्या डोंगरात आमच्या राज्याचा एक नियम होता. आपोआप भरणारी रायफल शिकारीला चालायची नाही. त्यामुळे ज्याला भराभर गोळ्या मारायच्या तो पंप रायफल घ्यायचा. नळीखालचं लाकूड डाव्या हातानं मागे ओढलं की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकललं की नवं आत. आमच्या घरात अशा दोन होत्या. एक पॉपची, म्हणजे वडिलांची, आणि एक माझी. पॉप डावखुरे. उजव्या हातानं बोल्ट, म्हणजे बाजूची कडी, ओढून भरायच्या रायफलीला ते शिव्या घालायचे.

आणि क्लेटन रप नेमका बोल्टवाला. माझ्या बहिणीशी, ॲडेलाशी लग्न करून आमच्या शिकारीच्या टोळीत आला तेव्हापासून दरवर्षी अस्वलांच्या हंगामात सकाळच्या अंड्यांवर दोघांची जुंपायची.

"एमिल, तुमची ती पंप चालताना खुळखुळते," क्लेटन पॉपना म्हणाला. "खोगिराला भांडी बांधल्यासारखी. अस्वलाला वाटत असेल, भंगारवाला आला."

"खुळखुळू दे. माझा डोळा नेमावरून हलत नाही. तू तो बोल्ट वर कर, मागे ओढ, पुढे ढकल, खाली पाड. तोवर अस्वल घरी जाऊन जेवतं."

"पालथं पडून मारा बघू एकदा. कोपरं जमिनीत, हात हलवणार कुठून? आणि पहिली गोळी नीट बसली तर दुसरी हवी कशाला?"

"पहिली गोळी!" पॉपनी माझ्याकडे बघून डोळा मारला. "देवच जन्माला आलाय आपल्या घरात."

"मेव्हणीबाई, तुम्ही तरी सांगा यांना," क्लेटन मला म्हणाला. मी सव्वीस वर्षांची होते आणि बाराव्या वर्षापासून जंगलात जात होते. मी म्हटलं, "मला दोन्हींनी मारता येतं. कॉफी संपवा."

क्लेटन बढाई मारत नव्हता. तो खरंच काळजी घेणारा माणूस. कुंपण ओलांडताना रायफल रिकामी करायचा. गाडीत बसण्याआधी नळीत बोट घालून बघायचा. टोळीतले लोक त्याला 'पाद्री' म्हणायचे.

नऊच्या सुमारास आम्ही ओढ्यावरच्या लॉरेलच्या झुडपांच्या जाळीत हाकारा घातला. बोटभर बर्फ होता. खाली तोंडाशी क्लेटन उभा, डावीकडे मी, वरच्या कड्यावर पॉप. हाकारे अर्ध्यावर आले असतील, तेवढ्यात अस्वल निघालं. मोठा नर, चारशे पौंडांचा. क्लेटननं ऐंशी पावलांवरून गोळी मारली. अस्वल कोलांटी खाऊन पडलं, स्वतःच्याच बरगडीला चावलं आणि उठलं. क्लेटननं रायफलीवरच्या दुर्बिणीवरून डोकं उचललं, बोल्ट ओढला, पुन्हा डोळा लावला. तोवर जाळी नुसती हलत होती.

"दुसरी कुठंय रे?" वरून पॉप ओरडले आणि हसले.

क्लेटन हसला नाही. जखमी जनावर सोडायचं नाही, हा त्याचा धर्म. आम्ही अर्धा तास थांबलो. मग पॉप कड्यावरून पलीकडे गेले आणि मी आणि क्लेटन रक्तावरून आत शिरलो. रक्तात बुडबुडे होते. म्हणजे फुप्फुसाला लागलेलं. पण एकाच.

लॉरेल छातीएवढं होतं आणि फांद्या एकमेकींत अशा अडकलेल्या की रायफल उभी धरावी लागत होती. क्लेटन माझ्या चार पावलं पुढे. त्यानं हात वर केला, थांब म्हणून. मला वास आला, ओल्या कुत्र्यासारखा. मग ते आलं.

ओरडलं नाही, काही नाही. फांद्या मोडल्या आणि काळं काहीतरी क्लेटनच्या अंगावर गेलं. त्यानं रायफल खांद्याला लावली होती, पण दुर्बिणीत त्याला नुसते केस दिसले असणार. पुढच्या क्षणी तो पाठीवर होता आणि अस्वल त्याच्यावर. एका फटक्यात त्याच्या कपाळावरची कातडी कानापर्यंत सोलून लोंबायला लागली. त्यानं डावा हात पुढे केला. अस्वलानं तो कोपराखाली तोंडात धरला आणि झटकला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. क्लेटनचं ओरडणं माणसाचं वाटत नव्हतं.

मी मारली. अस्वलाच्या खांद्यावरचे केस उडाले, पण त्यानं तोंड सोडलं नाही. मी हात मागे घेतला, पुढे केला, चाप ओढला. टक्. नुसतं टक्. घाईत मी हात अर्धाच मागे घेतला होता. रिकामं काडतूस बाहेर पडलं, पण नवं आत आलंच नाही. पंपचा हा दोष मला पॉपनी शंभर वेळा सांगितला होता. अस्वलानं आता क्लेटनचा खांदा धरला होता. मी ओरडत हात पार मागे आपटला, पुढे ढकलला आणि मारली. कानामागे. हात थांबलाच नाही. पुन्हा मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मारली.

शेवटची गोळी मानेतून आरपार गेली. क्लेटनचा पाय उडाला. दोरीनं ओढावा तसा.

मी अस्वलाला लाथा घालत होते. मेलेलं होतं, पण मला ते हलवता येईना. पॉप धापा टाकत आले, आम्ही दोघांनी ते ढकललं. क्लेटनच्या मांडीतून रक्त गरम वाफेसह येत होतं. पॉपनी जखम पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. कमरेचा पट्टा काढून त्यांनी मांडी आवळली. मी डोक्याची कातडी जागेवर ठेवून मफलर बांधला.

टोळीचा म्होरक्या हार्लन बिट्नर आणि दोघं जण आले. दोन काठ्यांत कोट ओवून आम्ही क्लेटनला उचललं. पॉप म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी बंदुका घेऊन येतो." शंभर पावलं गेलो असू, तेवढ्यात मागून एक बार झाला. हार्लन म्हणाला, "अस्वलात अजून जीव होता की काय?"

मला माहीत होतं, नव्हता.

इस्पितळाच्या बाकावर पॉप माझ्याजवळ सरकले. "ऐक, वर्ना. त्याची रायफल खाली पडली आणि सुटली. नळीतलं काडतूस मी जमिनीत मारून आलोय. डॉक्टरांना काढताना गोळीच्या नुसत्या चिंध्या सापडल्यात. कोणी ओळखणार नाही."

"पॉप, ते खोटं आहे."

"खरं सांगून त्याचं हाड जुळणार आहे का? बहीण जाईल तुझी. गप्प बस."

शिकार खात्याचा अधिकारी आला. पॉपनी सांगितलं, त्यानं लिहून घेतलं. त्यानं मला विचारलं, "असंच झालं?" मी मान डोलावली.

चौथ्या दिवशी सकाळी क्लेटन शुद्धीवर आला, मी दुपारी त्याच्याकडे गेले. कपाळावर एकोणसत्तर टाके, हात लोखंडी पट्ट्यांत, पाय वर टांगलेला. ॲडेला डबा आणायला गेली होती. मला पाहून त्याच्या एका उघड्या डोळ्यातून पाणी यायला लागलं.

"एमिल म्हणाले, माझीच सुटली."

मी खुर्ची त्याच्या उशाशी ओढली.

"बारा वर्षं झाली, वर्ना. बारा वर्षं मी पोरांना शिकवतोय, सेफ्टी लाव, नळी तपास. आणि मी... तू मागे उभी होतीस. तुला लागली असती तर? तुला मारली असती मी." "ॲडेलाला सांगितलं, रायफल विकून टाक. मी हातात धरायच्या लायकीचा नाही."

मी म्हटलं, "तुझी सुटली नाही. माझी आहे ती. अस्वलातून आरपार आली. तुझी पॉपनी नंतर जमिनीत मारली."

तो छताकडे बघत म्हणाला, "किती मारल्यास?"

"तीन."

"लागल्या किती?"

"तीनही."

"बोल्ट असता तर एकच झाली असती," तो म्हणाला, "आणि मी मेलो असतो." त्यानं डोळा मिटला. "ॲडेलाला तू सांग. मला जमायचं नाही."

ॲडेला दारातच उभी होती. तिनं डबा खाली ठेवला, माझ्याजवळ आली आणि माझ्या तोंडात मारली. एक नाही, दोन. नर्स धावत आली. मी तशीच अधिकाऱ्याकडे गेले आणि खरं लिहून दिलं. माझा शिकारीचा परवाना पाच वर्षांसाठी गेला. पॉपना दंड झाला आणि ख्रिसमसपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. ॲडेला त्यानंतरही बोलली नाही.

मार्चमध्ये तिचा फोन आला. "ये," एवढंच. गेले तर ती जिन्याखाली उभी. क्लेटन बाहेर पोर्चवर उन्हात बसला होता. त्याचा पाय दीड इंच आखूड झाला होता.

"एक सांग," ती म्हणाली. "दुसऱ्या गोळीनंतर तुला दिसत होतं का, ते मेलंय?"

"सगळं इतकं भराभर..."

"वर्ना."

"दिसत होतं," मी म्हटलं. "त्याचं डोकं खाली पडलं होतं. तोंड सुटलं होतं. मला दिसलं. पण हात आधीच मागे गेला होता."

मला वाटलं, पुन्हा मारेल. मी हललेही नाही.

"त्याला जिना चढवत नाही," ती म्हणाली. "पलंग खाली आणायचाय. पॉपच्या पाठीला झेपणार नाही."

आम्ही दोघी वर गेलो. पलंग ओकचा, जड. तिनं डोक्याकडची बाजू धरली, मी पायांकडची. वळणावर तो अडकला तेव्हा ती म्हणाली, "जरा तुझ्याकडे तिरपा कर," आणि मी केला.