कुंचला हवेत असताना

सकाळचे पावणेदहा झाले होते. दोनला देवापुढे खेळ लावायचा होता, आणि पेईझेन डाउनलोडचं फोल्डर तिसऱ्यांदा वरून खाली चाळत होती.

"मिळाली का फाइल?" टेबलावरच्या फोनमधून आपेहचा आवाज आला. आपेह म्हणजे तिचे थोरले काका, हातात घालून नाचवायच्या बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या मंडळींचे मुख्य हात. परवा रंगमंचाचा पडदा टांगताना ते शिडीवरून पडले होते आणि आता उजवं मनगट प्लास्टरमध्ये घालून दवाखान्यात बसून होते.

"साडेनऊपासून दहाव्यांदा विचारताय. मिळाली की ओरडेनच ना मी."

"ओरडू नकोस. शेजारच्या खाटेवर माणूस झोपलाय."

"मग तुम्ही कशाला ओरडताय?"

दाराशी ढोलाचं कातडं आवळत बसलेले जिनचुआन काका खुदकन हसले. ढोल, लाकडी टाळी आणि छोटी झांज, तिन्ही तेच वाजवत. चाळीस वर्षं आपेहच्या पाठीमागे बसून त्यांचे कान अर्धे गेले होते, पण भांडण तेवढं बरोबर ऐकू येई.

पेईझेन एरवी सीलुओमधल्या एका सोया सॉसच्या कारखान्यात हौदांमधलं मिठाचं प्रमाण मोजायची. सणासुदीला रजा टाकून ती मंडळींत दुसरा हात म्हणून उभी राहायची. पहिल्या हाताला हवी ती बाहुली हवी त्या क्षणी पुढे करायची, एवढंच तिचं काम. आज पहिला हात तीच होती, दुसरा कुणीच नव्हता. देवाला नमन करायच्या पहिल्या खेळाचे शब्द तिला पाठ होते, चालही पाठ होती. अडचण एकाच जागी होती. विद्येचा तारा खुईशिंग नाचत येतो, उजव्या हातातला कुंचला वर उडवतो आणि डाव्या हाताने झेलतो. बाहुली वीतभर, कुंचला काडीएवढा. टाळी वाजली की कुंचला सुटायचा, झेलला गेला की झांज वाजायची. टाक् आणि मग छन्. चौदा वर्षं पेईझेनने ते फक्त ऐकलं होतं, कारण नेमक्या त्या क्षणी ती पुढची बाहुली काढायला पेटीत वाकलेली असायची.

"शब्दांत सांगा ना आपेह. मनगट कसं फिरतं?"

"मला काय ठाऊक! मी कधी बघितलंय का माझ्या हाताकडे?"

म्हणून तो व्हिडिओ हवा होता. विद्यापीठातला एक उंच मुलगा एकदा मागच्या बाजूला उभा राहून सगळा खेळ टिपून गेला होता. आठवडाभराने त्याने दुवा पाठवला, पेईझेनने फाइल याच संगणकावर उतरवून घेतली, आणि मग कुणीच ती उघडली नाही. दुवा केव्हाच मेला होता, मुलाचा नंबर बदलला होता.

"साल एकशे पाच, सहा-चोवीस," आपेह पुन्हा म्हणाले. "देवाचा वाढदिवस. त्यात काय चुकणार?"

आपेह जुन्या सवयीने प्रजासत्ताकाचं साल सांगत; त्या एकशे पाचमध्ये एकोणीसशे अकरा मिळवायचे की इंग्रजी साल, दोन हजार सोळा. हे तिने कधीच केलं होतं. तारखेचा रकाना लावून ती २०१६ च्या जूनच्या चोवीस तारखेवर गेली होती. तिथे विजेचं बिल होतं आणि कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. जूनचे उरलेले दिवस पाहिले, जुलैचे पहिले दहा पाहिले. देवाच्या नावाने शोधलं, मंडळींच्या नावाने शोधलं. त्या दिवसांतलं व्हिडिओ म्हणून जे होतं ते सगळं उघडलं: मांजर, लग्न, ढोल दुरुस्तीचा धडा, पुन्हा मांजर.

बाहेर स्कूटर थांबली. यंदाचे मानकरी हुंग जेवणाचे डबे घेऊन आले. देवाच्या धूपपात्राचा मान कौल लावून त्यांच्या घरी आला होता, आणि तेव्हापासून ते गल्लीतून चालतानाही मिरवणुकीत असल्यासारखे चालत.

"काय, तयारी?"

"चाललीय," पेईझेन म्हणाली.

"खुईशिंगचा झेल होणार ना? नसेल जमत तर आत्ताच सांग. हुवेई गावची एक मंडळी आहे, पेनड्राइव्हवर आवाज लावतात, एक माणूस बाहुल्या हलवतो. सुटसुटीत. पुढच्या वर्षीसाठी देवापुढे त्यांचंही नाव ठेवावं म्हणतो. आजचा खेळ बघतो आणि मग कौल लावतो."

"तो पेनड्राइव्ह झेलून दाखवतो का?" जिनचुआन काकांनी विचारलं.

हुंग हसले नाहीत. डबे ठेवून निघताना म्हणाले, "लोकांचं सोडा, समोर कुत्रंसुद्धा नसतं. पण देव बघतो."

"आज सहा-चोवीस आहे, शिव्या देऊ नकोस," ते गेल्यावर जिनचुआन काका म्हणाले.

पेईझेन शिवी द्यायच्या बेतातच होती. तिने तोंड मिटलं आणि भिंतीवरच्या, रोज पान फाडायच्या कॅलेंडरकडे पाहिलं. लाल ठसठशीत एकोणतीस. खाली बारीक अक्षरांत: चांद्र, सहावा महिना, चोवीस. मग संगणकाच्या कोपऱ्यात पाहिलं. जुलै, एकोणतीस.

"अरे देवा."

"म्हटलं ना, शिव्या नकोत."

कारखान्यात तिने एकोणतीस तारखेची रजा मागितली होती, आणि सकाळपासून मात्र ती चंद्राची तारीख सूर्याच्या रकान्यात शोधत होती. साल बदलून घेतलं आणि महिना तसाच ठेवला. देवाचा वाढदिवस घरात दुसऱ्या कुठल्या तारखेने कुणी म्हटलाच नव्हता. तिने फोनमध्ये पाहिलं: २०१६ साली सहा-चोवीस सत्तावीस जुलैला पडली होती. त्यात आठवडा मिळवला. चार ऑगस्टला, नुसत्या आकड्यांचं नाव असलेली, बाकी सगळ्यांहून दसपट मोठी एक फाइल बसलेली होती.

"मिळाली!" ती ओरडली. फोनमधून कुणीतरी अनोळखी माणूस दचकून ओरडला.

तिने फाइल उघडली. पडदा काळा. आवाज मात्र स्वच्छ: ढोल, आपेहचा खणखणीत गळा, आणि मग टाक्... छन्.

"बघ, काय झेल आहे!" आपेह म्हणाले.

"काहीच दिसत नाहीये, आपेह."

चौदा वर्षं जे होतं तेच, नुसता आवाज, पुन्हा हातात आलं होतं. अकरा वाजून गेले होते. तिने फोनचं इंटरनेट जोडलं आणि दुसरा प्लेअर उतरवायला घेतला. हिरवी पट्टी चाळीस टक्क्यांवर अडली. ती उठली, बसली, डबा उघडला, न खाता मिटला. जिनचुआन काकांनी फोन उचलून खिडकीत धरला, आणि पट्टी सरकली.

नव्या प्लेअरमध्ये चित्र आलं, पण आडवं. आपेह भिंतीवर झोपल्यासारखे दिसत होते. चित्र फिरवायची सोय ती शोधत होती, तोवर जिनचुआन काकांनी अख्खा मॉनिटर उचलून ढोलाच्या पेटीला टेकवून कुशीवर उभा केला. "झालं की. एवढं काय?"

तिने गती कमी केली आणि एकेक चित्र मोजत पुढे गेली. कुंचला चौदा चित्रं हवेत होता, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. बाहुलीचा डावा हात त्याच्यामागे धावेल असं तिला वाटलं होतं. डावा हात जागचा हललाच नाही. कुंचला सुटायच्या आधीच तो उघडा होऊन थांबला होता, आणि कुंचला येऊन त्यात पडला. त्या वेळी आपेह समोरच्या फळीकडे बघत होते.

"आपेह, तुम्ही झेलतच नाही. तुम्ही नुसतं फेकता."

"असं होय?" आपेह म्हणाले.

पहिल्या वीस वेळांत कुंचला तीनदाच हातात पडला. वर बघितलं की हात हलायचा. ती फळीकडे बघायला लागली. एक वाजता वीसपैकी अकरा. पावणेदोनला बारा. दोनला मात्र एकच वेळ मिळणार होती.

देवळासमोर निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. दोन म्हातारे आणि हातात उदबत्त्या घेतलेले हुंग, बस. तेवढ्यात एक कुत्रं आलं.

"आलं बघ कुत्रं. आता नाही म्हणू देत," जिनचुआन काका पुटपुटले. फोन त्यांनी ढोलाजवळच्या खिळ्याला टांगला होता.

खुईशिंग नाचत पुढे आला. पेईझेनच्या मनगटावरून घाम ओघळून बाहुलीच्या झग्यात उतरत होता. तिने बाहुलीचा डावा हात उघडला आणि थांबवला. समोरच्या फळीत एक गंजका स्क्रू होता, त्याच्यावर डोळे रोवले.

टाक्.

स्क्रूची खाच थोडी तिरकी होती.

बोटाच्या पेरावर काडी टेकली. तिने बोटं मिटली.

छन्.

"उशीर," खिळ्यावरून आपेह म्हणाले. "अर्धा ठोका."

"तो माझा, हिचा नाही!" जिनचुआन काका ढोल न थांबवता ओरडले. "मी बघत बसलो होतो!"

पेईझेन कुंचला घट्ट धरूनच पुढची बाहुली काढायला पेटीत वाकली.