भाषा : वरीलप्रमाणे

सोमवार, आठ ऑगस्ट १९८३. सकाळचे साडेदहा. जागा, नेरूळच्या दगडखाणीखालची पत्र्याची शेड. आत एकतीस मुलं, दोन साहेब, एक नवे मास्तर, आणि भिंतीला टेकवून ठेवलेला मी.

नवे मास्तर दहा मिनिटं कानडीत बोलले. मग त्यांनी मुलांना विचारलं, "निन्न हेसरु एनु?" म्हणजे, तुझं नाव काय. पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि तिने नाव सांगितलं. उरलेली तीस मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, नारळ फोडला, फोटो काढला, आणि जीप टेकडी उतरून गेली.

घटना एवढीच. तिच्यावर दोन राज्यांत अहवाल छापले गेले. ते लिहिणारे शेडमध्ये वीस मिनिटं होते. मी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत होतो. तेव्हा आता मी बोलतो. मी फळा.

माझा जन्म शाळेसाठी झालेला नाही. मी सारसोळ्याच्या बायजाबाईंच्या होडीची फळी होतो. आम्ही चार फळ्या शेजारी शेजारी होतो आणि आमच्या अंगाला माशांच्या तेलाचा वास होता. पुढे नवं शहर वसवायचं ठरलं, खाडीत मातीचा भराव पडू लागला, आणि होडी किनाऱ्यावर ओढली ती ओढलीच. सात वर्षं ती तिथे उन्हात तडकत पडली होती. शहराच्या नकाशात होडीसाठी जागा नव्हती.

१९८१ साली गावातल्या शाळेच्या चारुलताबाई देवजी सुताराकडे आल्या. खाणीवरच्या मुलांसाठी शेडमध्ये वर्ग सुरू करायचा आहे, फळा हवा, म्हणाल्या. देवजीने ती होडी मोडली आणि आम्हा चौघींना पट्ट्या मारून एक केलं. फळी होते तो फळा झालो.

"ह्याला म्हावऱ्याचा वास येतो, देवजीदादा," बाई म्हणाल्या.

"येनारच. वीस वरसां म्हावरा धरलाय त्यानी," देवजी म्हणाला. "अक्षरां नाय धरनार व्हय?"

मला काळं केलं ते मुलांनी. बॅटरीचे जुने सेल फोडून त्यातली काळी पूड काढली, भोपळ्याच्या पाल्यात वाटली आणि चिंधीने माझ्या अंगाला चोळली. सगळ्यात जास्त काळी झाली झमकी. आठ वर्षांची, लमाणी तांड्यातली, आई केशरबाई खडी फोडणारी. झमकीला चिंधी नीट पुरत नव्हती म्हणून तिने तळहातच वापरला. तो तळहात अजून माझ्या डाव्या कोपऱ्यात, रंगाच्या खाली आहे.

चारुलताबाईंनी त्या शेडमध्ये दोन वर्षं मराठी शिकवलं. मुलं घरी लमाणी बोलायची, पण बाजारात, खाणीवर, पाण्याच्या टँकरपाशी मोडकंतोडकं मराठीच चालायचं. त्यामुळे त्यांची गाडी भराभर पुढे गेली. झमकी तिसरीचं पुस्तक घडाघडा वाचू लागली. बाईंनी केशरबाईंना सांगून ठेवलं होतं, "चौथीचा कागद हातात आला की पोरीला गावातल्या मोठ्या शाळेत पाचवीत घालायचं. कागदाशिवाय घेत नाहीत." केशरबाईंनी ते मनात घट्ट धरलं होतं. कारण मुकादम मल्लप्पानेही एक सांगून ठेवलं होतं. पोर चौथी झाली नाही तर पुढच्या पावसाळ्यानंतर तिने हातोडी घ्यायची. झमकीचं पुढचं आयुष्य त्या एका कागदावर होतं. हे तिला माहीत होतं, आईला माहीत होतं आणि मला माहीत होतं.

आता त्या थोर योजनेकडे येतो.

सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या काही विद्वानांनी मिळून एक समिती काढली होती. नाव, भाषास्नेह समिती. इकडे कर्नाटकातले मजूर, तिकडे महाराष्ट्रातले मजूर. त्यांच्या मुलांना मातृभाषेत शिकवायचं, म्हणून दोन्हीकडच्या शिक्षकांची एक वर्षासाठी अदलाबदल करायची. कल्पना वाईट नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण चांगल्या कल्पनेची वाट लावायला जे कौशल्य लागतं ते समितीकडे भरपूर होतं.

पाहणीला सुधीर नावाचा एक कारकून आला. पायात कोरे बूट, हातात छापील तक्ता. शेडमध्ये धूळ होती म्हणून तो दारातच उभा राहिला. मुलांपैकी कोणाशी बोलावं असं त्याला वाटलं नाही. त्याने मल्लप्पाला विचारलं, "ही कुठली मुलं?"

"विजापूर जिल्हा, साहेब."

"पहिलं नाव कोणाचं लिहू?"

मल्लप्पा पुढे सरसावला. "माझ्या मुलीचं लिवा की. नीलव्वा."

सुधीरने लिहिलं. नीलव्वा मल्लप्पा. मूळ राज्य, कर्नाटक. मातृभाषा, कानडी. हे अगदी खरं होतं. मल्लप्पाचं घर कानडीच. मग त्याने खालची तीस नावं उतरवली आणि भाषेच्या रकान्यात तीस वेळा एकच शब्द लिहिला. वरीलप्रमाणे.

बाई हजेरी घेत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, ही लमाणी मुलं आहेत. ह्यांची बोली वेगळी आहे."

"मॅडम, फॉर्ममध्ये लमाणीचा कोड नाहीये. टेन्शन नका घेऊ," सुधीर म्हणाला आणि रुमालाने बूट पुसत खाली उतरला.

तीस मुलांची मातृभाषा बदलायला त्याला सात मिनिटं लागली.

पुढचं तर आणखी सुंदर. अदलाबदल म्हटल्यावर इकडून एक शिक्षक द्यायला हवा. कोणाला द्यायचा? स्थलांतरित मुलांचा अनुभव असलेल्याला. असा अनुभव सबंध परिसरात एकाच व्यक्तीला होता. समितीने चारुलताबाईंना उचललं आणि सीमेपलीकडच्या एका साखर कारखान्यावर नेऊन ठेवलं. तिथे बीडकडून आलेल्या ऊसतोड्यांची मुलं होती. त्यांची मातृभाषा तक्त्यात 'मराठी' अशी नोंदलेली होती. ती कोणत्या सुधीरने नोंदली, मला ठाऊक नाही.

आणि इकडे आले चंद्रामप्पा मास्तर. पन्नाशीचे, धोतर, कोट, विजापूरकडच्या खेड्यात पंचवीस वर्षं कानडी शिकवलेले. माणूस सरळ होता. पहिल्या आठवड्यातच त्यांनी ओळखलं की मुलांना एक शब्द कळत नाही. समितीचे इकडचे चिटणीस रावसाहेब महिन्याच्या भेटीला आले तेव्हा त्यांनी हात जोडून सांगितलं, "साहेब, ही पोरं लमाणी हैत री. मला लमाणी येत नाही, त्यांना कानडी येत नाही. मराठी थोडं येतंय त्यांना. बाईंना परत बोलवा, मला सोडा."

रावसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मास्तर, कागदावर कानडी आहे."

"पण साहेब, पोरं समोर बसल्यात."

"मग तुम्ही कागदाला शिकवा."

असं म्हणून ते स्वतःच हसले. बरोबरचा शिपाईही हसला. मी त्यांच्या पाठीमागे होतो. त्या दिवशी मी भिंतीवरून घसरून त्यांच्या पाठीवर पडलो असतो तर मला वाईट वाटलं नसतं.

दिवाळीनंतर चारुलताबाईंचं पोस्टकार्ड आलं. मास्तरांनी ते अक्षर अक्षर लावत मोठ्याने वाचलं. 'इथली मुलं मला याडी म्हणतात. भाकरीला बाटी म्हणतात. ही कुठली मराठी, ते आपल्या मुलांना विचारा. आणि आपली ती कागदावरची कानडी मुलं कशी आहेत?'

मास्तर थांबले. "याडी म्हंजे काय री?"

शेडमध्ये हशा पिकला. झमकी म्हणाली, "याडी म्हणजे आई. मास्तरला एवढं पण माहीत नाय."

"बाटी?"

"भाकर. आमी रोज खातो ती."

मास्तर खुर्चीवर बसले. कार्ड त्यांनी उलटं करून पाहिलं, पत्ता पाहिला, शिक्का पाहिला. तिकडच्या मुलांची बोली लमाणी, इकडच्या मुलांची बोली लमाणी. दोन राज्यांनी हारतुरे घालून एकमेकांना चुकीचे शिक्षक भेट दिले होते. तिकडच्यांना निदान मास्तर समजले असते, कारण ते कारखान्याच्या गावात कानडी ऐकत होते. इकडच्यांना बाई समजत होत्या. म्हणजे ज्याला जिथून हलवलं, तो तिथेच उपयोगाचा होता.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी माझ्यावर दोन उभ्या रेघा मारल्या आणि तीन रकाने केले. याडी, तायी, आई. बाटी, रोट्टी, भाकरी. पाणी, नीरु, पाणी. पहिला रकाना मुलं सांगायची, दुसरा मास्तर, आणि तिसरा भरायची झमकी, चारुलताबाईंच्या पुस्तकातून. 'तायी' ऐकून एक पोरगी म्हणाली, "म्हणजे मास्तरची आई त्यांची ताई." मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मी चार फळ्यांचा. त्या काही महिन्यांत माझ्यावर तीन भाषा सुखाने राहिल्या. पन्नास वर्षांचा माणूस दहा वर्षांच्या मुलीकडून देवनागरी जोडाक्षरं शिकत होता आणि त्याला लाज वाटत नव्हती. लाज ज्यांना वाटायला हवी होती ते जीपमधून यायचे.

मास्तरांनी तीन अर्ज केले. मुलांची परीक्षा मराठीत घ्या, एवढीच मागणी. पहिल्या दोन अर्जांना उत्तर नाही. तिसऱ्याला आलं. 'वर्ग कानडी माध्यमाचा असल्याने परीक्षा कानडी माध्यमात होईल.' खाली रावसाहेबांची सही. सही मात्र इंग्रजीत.

एप्रिल १९८४. चौथीची परीक्षा. प्रश्नपत्रिका कानडीत. मास्तरांनी एकेक प्रश्न माझ्यावर मराठीत उतरवला, मुलांना समजेल असा, चुका करत. नीलव्वाने उत्तरं कानडीत लिहिली. बाकी तिसांनी मराठीत. झमकीने पुरवणी मागितली. खाणीवरच्या शेडमध्ये पुरवणी कुठून असणार? मास्तरांनी आपल्या वहीचं पान फाडून दिलं. तिला शेवटच्या प्रश्नावर, 'माझी आई', अजून लिहायचं होतं.

एकतीस उत्तरपत्रिका, वर नीलव्वाची. लाल फडक्यात गाठोडं बांधून मास्तरांनी ते रावसाहेबांच्या हाती दिलं. आठवड्याने मास्तरांची मुदत संपली. समारंभ झाला, शाल दिली, भाषणं झाली. जाताना मास्तरांनी खडूचा तुकडा झमकीच्या हातात ठेवला आणि मोडक्या मराठीत म्हणाले, "पाचवीत लवकर जा हं, याडी."

गाठोडं कानडीच्या परीक्षकाकडे गेलं. त्याने वरची पत्रिका तपासली. दुसरी उघडली, मराठी पाहिली आणि शेरा मारला, 'माझ्या विषयाची नाही.' मग ते मराठीच्या परीक्षकाकडे गेलं. त्याने वरचं लेबल पाहिलं, 'कानडी माध्यम', आणि गाठ न सोडता परत केलं. दोघेही नियमाने वागले. कोणीही चुकलं नाही. म्हणूनच कोणाला विचारायची सोय नाही.

समितीचा अहवाल निघाला. 'योजना अत्यंत यशस्वी. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्स्फूर्त.' शेजारी नारळ फोडतानाचा फोटो. त्यात मी मागे दिसतो, थोडा अस्पष्ट.

केशरबाई जूनमध्ये गावातल्या शाळेत गेल्या. शेडची मोडतोड झाली होती आणि मला तिथल्या पडवीत आणून उभं केलं होतं, त्यामुळे मी ऐकलं. चारुलताबाई अजून सीमेपलीकडेच होत्या, त्यांना परत आणायचा आदेशही समितीकडूनच यायचा होता. मुख्याध्यापक मधुकरराव वाईट माणूस नव्हते.

"गुरुजी, पोरीचा कागद आला का?"

"नाही आला, बाई. निकाल लागायचा आहे."

"कवा लागंल?"

"समितीकडून यायला हवा."

"समिती कुटं बसती?"

समिती तोपर्यंत बरखास्त झाली होती. रावसाहेब दुसऱ्या एका समितीवर गेले होते. केशरबाई दिवाळीत आल्या, पुढच्या जूनमध्ये आल्या, आणि त्यानंतर आल्या नाहीत. झमकीने हातोडी घेतली होती.

एकदा ती स्वतः आली. बारा वर्षांची असेल. पाण्याचा हंडा भरायला शाळेच्या नळावर आली होती. पडवीत मला बघून थांबली. बोटांना चिंध्या बांधलेल्या. तिने माझ्या डाव्या कोपऱ्यावर तळहात ठेवला, जागा बरोबर शोधून. तो आता तिथे मावला नाही. हंडा उचलून ती गेली.

आज १९८९ साल आहे. खाणीचा डोंगर निम्मा उरलाय. त्याची खडी जुईनगरच्या आणि नेरूळच्या नव्या इमारतींत गेली. आमच्या शाळेची नवी दोन मजली इमारतही त्याच खडीची आहे. झमकीला ज्या शाळेत कागदाशिवाय प्रवेश नव्हता, तिच्या भिंतीत तिने फोडलेला दगड प्रवेश घेऊन बसला आहे. त्याला कोणी दाखला विचारला नाही.

मी तळमजल्याच्या सामानाच्या खोलीत आहे. काचेचे हिरवे फळे आले, मला कोण विचारतो? दोन विटांच्या थरांवर मला आडवा टाकून माझा बाक केलाय. माझ्यावर तुटके नकाशे, एक फुटका ग्लोब, आणि ते लाल फडक्यातलं गाठोडं. समितीचं सामान म्हणून कोणीतरी ते इथे आणून टाकलं. गाठ मारलेलीच आहे. ते जड नाही. तीस मुलांच्या कागदांचं वजन ते किती. तरी मी होडीत असताना एवढा भार कधी वाहिला नव्हता.

परवा नवा शिपाई म्हणाला, ह्याला रंग मारून कँटीनमध्ये टाकू. त्याला माझी एकच विनंती आहे. रंग मारण्याआधी मला उलटा कर आणि माझ्या तोंडावर खळीने चिकटवलेला कागद वाच. समितीने निकालपत्रक म्हणून तो एकच कागद पाठवला होता. शेड मोडायच्या दिवशी शिपायाने तो माझ्यावर डकवला, आणि तो अजून सुटलेला नाही.

त्यावर एकतीस नावं आहेत. पहिलं नाव, नीलव्वा मल्लप्पा. निकालाच्या रकान्यात, उत्तीर्ण. त्याखाली तीस ओळी. भाषेच्या रकान्यात तीस वेळा 'वरीलप्रमाणे'. निकालाचा रकाना जून १९८४ पासून कोरा आहे. तिथेही तोच शब्द लिहायचं कोणालाही सुचलेलं नाही.