सतराला पंचेचाळीस

जानेवारी सरत आला की डिलाईल रोडवरच्या वैदेहीच्या खोलीतली पत्र्याची पेटी रिकामी व्हायची. आतल्या जादा चादरी कपाटावर चढायच्या आणि पेटीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन बसायचे. दादरची एक जुनी संस्था पाचवीच्या मुलांची गणिताची परीक्षा घ्यायची. तिचे पेपर वैदेही गेली सहा वर्षं तपासत होती. नोकरी मात्र वेगळीच. लोअर परळच्या एका विमा कंपनीत ती आजारपणाच्या दाव्यांची छाननी करायची. त्यामुळे पेपरांच्या वाट्याला सकाळचे साडेपाच ते साडेसात एवढेच दोन तास. मग डबा, आंघोळ आणि पायी ऑफिस.

दोन कामं एका डोक्यात ठेवली की एकाची सवय दुसऱ्याला लागतेच. ऑफिसात दोन दाव्यांची बिलं एकसारखी दिसली की तिचा हात आपोआप लाल पेनाकडे जायचा. त्या बुधवारी सकाळी पेपर तपासतानाही तो तसाच गेला.

प्रश्न सोपा होता. एका टोपलीत अडीच किलो शेवंती, तर सतरा टोपल्यांत किती? उत्तर साडेबेचाळीस. गठ्ठ्यातल्या सहा मुलांनी लिहिलं होतं पंचेचाळीस. सहाही पेपर एकाच केंद्रावरचे, ओळीने लागलेले. गुणाकार मांडलेला नाही, पायरी नाही, नुसतं उत्तर, आणि तेही एकच चुकीचं. नियमाप्रमाणे वैदेहीने गठ्ठ्याच्या यादीवर सहा क्रमांकांपुढे लाल शाईत ‘संशयित’ लिहिलं. शुक्रवारी पाच वाजता गठ्ठे जमा व्हायचे होते. दोन परीक्षकांनी शेरा दिला, तर त्या केंद्राचा निकाल रद्द होणार आणि मुलांना पुढच्या वर्षी बसता येणार नाही, असा संस्थेचा नियम.

लिहून झालं, तरी पेपर मिटवेना. दहा वर्षांची मुलं नक्कल करतील, मान्य. पण मग आधीचा प्रश्न त्यांना नीट कसा आला? सोळा डब्यांत अडीच लिटरप्रमाणे तेल किती, याला सहाही जणांनी बरोबर चाळीस लिहिलं होतं, तेही पायरीशिवाय.

तिने शेवटचं पान उलटलं. ते कच्च्या कामाचं. त्याला गुण नसतात, म्हणून परीक्षक तिथे सहसा जात नाहीत. त्या पानावर शेवंतीच्या प्रश्नाचा क्रमांक घालून पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या. तिने मोजल्या. सतरा. दुसऱ्या पेपरातही सतरा. तिसऱ्यात रेघा नव्हत्या, पण सतरा ठिपके होते.

नक्कल करणारा रेघा कशाला मारेल?

सासरे सीताराम चहा घेऊन बसले होते. चाळीस वर्षं गिरणीत कापड मोजण्यात गेलेला माणूस. पेपर बाहेरच्या माणसाला दाखवायचा नाही, म्हणून वैदेहीने वर्तमानपत्राच्या कडेला तशाच सतरा रेघा काढल्या.

“अण्णा, मुलानं अशा रेघा मारल्या आणि गुणाकार न करता उत्तर लिहिलं. काय केलं असेल?”

अण्णांनी चष्मा खाली ओढला. “कायतरी म्हणत असतला. एक ओळ म्हणायची, एक रेघ मारायची. आमी गिरणीत असाच मोजू.”

“काय म्हणत असेल? अडीचनं गुणायचं होतं.”

“मगे अडीचकी. दुसरा काय?”

अडीचकी म्हणजे अडीचचा पाढा. पूर्वी मुलं पावकी, निमकी, दिडकीसारखी तीही पाठ करत. वैदेहीने नाव ऐकलं होतं, पाढा कधी ऐकला नव्हता.

“म्हणा ना.”

“आता? चाय थंड होता हा.”

“होऊ दे. मी परत करते.”

अण्णांनी डोळे मिटले आणि मांडीवर बोटांनी ठेका धरला. “अडीच, पाच, साडेसात, दहा, साडेबारा…” एक अडीच, दोन पाच असं नाही. नुसती उत्तरं, एकामागोमाग. वैदेही प्रत्येक उत्तराला एका रेघेवर बोट ठेवत गेली. सोळाव्या रेघेवर चाळीस आलं, सतराव्यावर साडेबेचाळीस, आणि रेघा संपल्यावर पुढचं पंचेचाळीस.

“अण्णा, थांबा. एक ओळ विसरून पुढे म्हटलं तर?”

“तर फुडचा सगळा एक घर सरकात. तसाच झाला असतला. शिकवणाराच एक ओळ खाल्ल्यान तर पोरां काय करतली?”

म्हणूनच सोळापर्यंत सगळं ठीक होतं. चूक सोळानंतर होती. वैदेहीने सतराव्या रेघेभोवती गोल काढला. पण हा नुसता अंदाज होता, आणि अंदाजावर शेरा खोडता येत नाही, हे तिला ऑफिसने शिकवलं होतं.

पडताळा एकच होता. शेजारी बसलेल्या मुलांना वेगवेगळे पेपर मिळतात, अ आणि ब. तिच्याकडे अ होता. ब पेपर गिरगावातल्या चिंतामणी सरांकडे होता. तेही तिच्यासारखेच, बँकेची नोकरी सांभाळून तपासणारे. ब पेपरात टोपल्या एकोणीस होत्या. एक ओळ गळली असेल, तर साडेसत्तेचाळीसच्या जागी…

तिने फोन लावला. “सर, मी न बघता सांगते. त्या केंद्राच्या मुलांनी शेवंतीचं उत्तर पन्नास लिहिलंय?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “पाच जणांनी. तुम्हाला कसं कळलं? मी तर शेरा मारून मोकळा झालोय.”

“सोळा डब्यांचं उत्तर?”

“चाळीस. पाचही बरोबर.” ते हसले. “वैदेही, तुम्ही काय ज्योतिष बघायला लागलात की काय?”

“माझ्या मुलांचं उत्तर पंचेचाळीस आहे, तुमच्या मुलांचं पन्नास. आकडे वेगळे, म्हणजे नक्कल नाही. शुक्रवारी दादरला सरोजिनीबाईंकडे या, सगळं सांगते.”

शुक्रवारी नेमकी ऑफिसात तपासणी होती. तिने आपले वरिष्ठ हितेंद्र सर यांच्याकडे चार वाजता सुटी मागितली, तेव्हा त्यांनी खुर्ची मागे ढकलली.

“आज? तुझे चाळीस दावे पडलेत. त्या पोरांच्या पेपरांसाठी?”

“अकरा मुलांवर चोरीचा शेरा बसलाय, सर. सहा शेरे माझ्या हातचे आहेत. मी गेले नाही, तर तो तसाच जाईल.”

“आणि ते चोर नाहीत, हे तुला कसं माहीत?”

तिने दोन वाक्यांत सांगितलं. हितेंद्र सर ऐकत होते, पण त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. “चाळीस… साडेबेचाळीस…” ते स्वतःशीच म्हणाले. “च्यायला, बरोबर आहे. जा. दावे उद्या शनिवारी येऊन संपव, आणि मला कळव काय झालं ते.”

दादरला संस्थेच्या कचेरीत सरोजिनीबाई वाट पाहत होत्या. मुख्य परीक्षक, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी अकराही पेपर टेबलावर दोन रांगांत मांडून घेतले आणि बराच वेळ नुसत्या रेघा मोजल्या. मग अडीचकी म्हटली, एकदा पूर्ण आणि एकदा ती ओळ गाळून. चिंतामणी सरांनी बोटं मोजली.

“शेरा कुणाचा?” बाईंनी विचारलं.

“माझा,” वैदेही म्हणाली. “घाई केली.”

“माझाही,” चिंतामणी सर म्हणाले. “पण बाई, नियम…”

“नियम नकलेसाठी आहे. ही नक्कल नाही. खोडा आणि सही करा. पण या प्रश्नाला शून्यच. उत्तर चुकलंय, आणि मुलांना ते कळलं पाहिजे.”

दोघांनी शेरे खोडले. वैदेहीच्या सहीखाली शाई थोडी पसरली.

“आणि शिकवणाऱ्याला कोण सांगणार?” तिने विचारलं. “पुढच्या वर्षीची मुलंही हाच पाढा म्हणतील.”

केंद्राचा पत्ता बंद लिफाफ्यात होता, निकाल लागेपर्यंत उघडायचा नाही. बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. “लिही. निकालाबरोबर जाईल.”

वैदेहीने लिहिलं: ‘आपल्या मुलांची अडीचकी छान पाठ आहे. फक्त चाळीसनंतरची एक ओळ राहून गेली आहे. साडेबेचाळीस.’ पेन उचललं, पुन्हा टेकवलं आणि खाली एक ओळ जोडली: ‘आजच्या दिवसांत ही कोण शिकवतं, ते कळवाल का?’

बाईंनी वाचलं. “हे नियमात बसत नाही.”

“खोडू?”

“राहू दे,” बाई म्हणाल्या. “मलाही कळायला हवं.”