लाल शाई

मास्तरीणबाईंचा जळफळाट पहिल्याच महिन्यात सुरू झाला. हे नाव तिला विभागातल्या मुलांनी ठेवलेलं; पंधरा वर्षं शाळेत शिकवून, नोकरी सोडून ती पीएचडीला आली होती. ती आली त्याच दिवशी पंचविशीचा एकजण रुजू झाला. त्याला ती मनातल्या मनात गुळगुळीत म्हणायची. दोघांचाही विषय मुंग्या, आणि सहा महिन्यांनी दोघांपैकी एकाचंच नाव कायम होणार होतं. ते दोघांच्या मार्गदर्शक मॅडम ठरवणार होत्या, शेवटी विभागाच्या समितीसमोर दोघांचं सादरीकरण झाल्यावर.

दर सोमवारी मॅडमना पाच पानं द्यायची. गुळगुळीतची दुसऱ्याच दिवशी परत यायची, शेवटी दोन अक्षरं: 'छान'. हिची आठवड्याने यायची, तीही रक्तबंबाळ. समासात लाल शाई, ओळींच्या मध्ये लाल शाई, एकदा तर मागच्या कोऱ्या बाजूवरही. जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या तिला ही पानं पिशवीत लपवून घरी न्यावी लागत. नवऱ्याने विचारलं, "कसं चाललंय?" तर म्हणाली, "त्याचं छान चाललंय."

शेवटच्या आठवड्यात तो पाणी भरायला गेला आणि हिने त्याची पानं उचललीच. चोरी ती चोरी, पण जळफळाट वाढला की माणूस कुठे ऐकतो. तिसऱ्या पानावर तक्ता होता: एका मैदानात अठरा वारुळं, दुसऱ्यात सत्तावीस, एकूण चौपन्न. चौथीतलं पोर पकडेल अशी चूक. आणि शेवटी तेच 'छान'.

तिला आधी आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हणजे त्याचं कुणी वाचतच नव्हतं. आता गप्प बसलं की शुक्रवारी समितीसमोर तो तोंडघशी पडणार, आणि आपलं काम फत्ते. गप्प बसावं असं तिला फार वाटलं. पण चुकलेली बेरीज तिला कधी बघवली नव्हती.

"तुझी बेरीज चुकलीये," तो आल्यावर ती म्हणाली.

"माहितीये. मीच चुकवली." त्याने बाटलीचं झाकण लावलं. "मॅडम वाचतात का ते बघायला. दर वेळी एक चूक ठेवतो, एकही सापडली नाही त्यांना. नाव तुमचंच कायम होणार, बाई. त्या वाचतात ती फक्त तुमचीच पानं; मॅडमच्या टेबलावर ती लाल झालेली बघून मी दर आठवड्याला जळतो."

सहा महिने तिला हेच तर ऐकायचं होतं. पण गुरूलाच परीक्षेला बसवायचं, हे आपल्याला सात जन्मांत सुचलं नसतं, या विचाराने ती नव्याने जळली. जळतच तिने लाल पेन काढलं, चौपन्न खोडून पंचेचाळीस लिहिलं.

"बाकीची पानं आण," ती म्हणाली.